मुकी बंदूक, बोलकी गोळी

चित्रपटातला खलनायक पिस्तुलाला एक नळकांडे फिरवून बसवतो आणि 'फुस्स' एवढ्याच आवाजात काम उरकतो. शिक्षकांच्या शिबिरात ध्वनीचा विषय निघाला की या दृश्याबद्दल आम्हाला हमखास विचारले जाते. खरेच असे होते का? युद्धातल्या रायफलींच्या बाबतीत तरी हे फार कठीण होते.

बार उडतो तेव्हा नळीतला तप्त वायू वातावरणाच्या शेकडो पट दाबाखाली असतो. गोळी बाहेर पडताच तो एकदम मोकळा होतो आणि स्फोटासारखा आवाज येतो. वर्गात एका फुग्याला टाचणी टोचा. तेवढ्याच दुसऱ्या फुग्यातली हवा तोंड सैल करून हळूहळू सोडा. हवा तेवढीच, पण आवाजात केवढा फरक! सायलेन्सर हेच करतो. वायूला कप्प्याकप्प्यांतून फिरवतो, पसरू देतो, निवू देतो आणि मग बाहेर सोडतो. मोटारसायकलचा सायलेन्सर याचाच भाऊ.

हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन अभियंत्याला १९०९ साली अशा सायलेन्सरचे पेटंट मिळाले. त्याच्या वडिलांनी मॅक्सिम मशीनगन बनवली होती. बापाने धडधडाट केला, मुलाने तो दाबायला घेतला! अमेरिकी सैन्याने स्प्रिंगफील्ड रायफलींसाठी हे सायलेन्सर घेतलेही. पण एक आवाज उरलाच.

पोतराजाचा आसूड आठवा. त्याचे टोक ध्वनीपेक्षा वेगाने जाते, म्हणून कडाका होतो. ध्वनीचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर स्प्रिंगफील्डच्या गोळीचा सुमारे ८२० मीटर. म्हणजे गोळी स्वतःच आघाततरंग ओढत जाते. हा आवाज नळीच्या तोंडाशी नव्हे, तर गोळीच्या वाटेवर सतत निर्माण होतो. त्याला नळकांडे काय करणार?

तरीही सैनिकाला याचा फायदा होता. ४०० मीटरवरच्या माणसाला आधी गोळीचा कडाका ऐकू येतो आणि जवळजवळ अर्ध्या सेकंदाने बंदुकीचा बार. बंदूक कोठे आहे ते या दुसऱ्या आवाजावरून कळते. तोच दबला, तर नेमबाज सापडणे अवघड.

दुसऱ्या महायुद्धात विल्यम गॉडफ्रे डी लाइल या ब्रिटिश अभियंत्याने प्रश्न उलट बाजूने सोडवला. त्याने गोळीच सावकाश केली. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेली 'थ्री-नॉट-थ्री', म्हणजे ली-एनफील्ड, घेऊन तिला ०.४५ इंची पिस्तुलाच्या काडतुसाची नळी बसवली, भोवती जाडजूड सायलेन्सर. ही बोजड गोळी सेकंदाला सुमारे २५० मीटर वेगाने जाई. कडाका संपला, अर्थात लांबचा पल्लाही गेला. बारापेक्षा बोल्ट ओढल्याचाच खटका जास्त ऐकू येतो, अशी तिची ख्याती झाली. अशा बंदुका सुमारे १३०च बनल्या. कमांडोंनी त्या वापरल्या, ब्रह्मदेशातही.

मूळ नमुने इतके थोडे असल्यामुळे संग्राहकांसाठी पुढे प्रतिकृती बनवल्या गेल्या. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने सायलेन्सरवर नोंदणी आणि २०० डॉलर कर बसला होता. त्यामुळे काही प्रतिकृतींत नळकांडे फक्त दिखाऊ ठेवले गेले. आम्हाला यातच खरी गंमत वाटते. अशा बंदुकीत गोळी सावकाशच जाते, म्हणून कडाका नाही. पण वायूचा बार मात्र पुरा ऐकू येतो. उलट, खरा सायलेन्सर वेगवान गोळीच्या रायफलीला लावला तर बार दबतो आणि कडाका उरतो. दोन आवाज वेगळे करून दाखवणारा याहून चांगला प्रयोग मिळणे कठीण.

राहिला 'फुस्स'चा हिशेब. रायफलीचा बार नेमबाजाच्या कानाशी सुमारे १६० डेसिबलचा असतो. सायलेन्सरने त्यातले २० ते ३० डेसिबल कमी होतात. ३० डेसिबल म्हणजे तीव्रता हजारपटीने घटली! तरी उरतात १३०. क्षणिक आवाजासाठी धोक्याची पातळी १४० मानतात, म्हणजे जेमतेम त्याखाली. आतल्या कानातल्या केशपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. मात्र शाळेतला साधा ध्वनिमापक घेऊन फटाक्याजवळ हे आकडे मोजायला जाऊ नका. हा आवाज एका सेकंदाच्या हजाराव्या भागात शिखर गाठून ओसरतो आणि तो काटा तितका चपळ नसतो. तो दाखवील त्याहून खरा आवाज बराच मोठा असतो.