किल्ली हातातून सुटते तेव्हा

स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दाली याने १९४८ साली चित्रकलेच्या गुपितांवर एक पुस्तक काढलं. त्यात रंग-कुंचल्यांबरोबर दुपारी डुलकी कशी काढावी याचीही रीतसर कृती आहे. कडक, हातांच्या खुर्चीत मान मागे टेकून बसायचं. डाव्या हाताच्या चिमटीत जड किल्ली अलगद धरायची आणि तिच्या बरोबर खाली जमिनीवर एक ताटली पालथी ठेवायची. डोळा लागला की बोटं सैल पडतात, किल्ली ताटलीवर खणकन आदळते आणि जाग येते. झोप एवढीच! दालीच्या मते तेवढी पुरेशी होती. थॉमस एडिसनबद्दलही असंच सांगतात, फक्त त्याच्या हातात धातूचे गोळे असत.

कलावंतांच्या लहरी म्हणून हे सोडून देता आलं असतं. पॅरिसमधल्या मेंदू संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मात्र ते तपासून पाहायचं ठरवलं.

त्यांनी १०३ जणांना आकड्यांची कंटाळवाणी कोडी सोडवायला दिली. कोड्यांत एक आडवाट लपलेली होती. ती सापडली की उत्तर चुटकीसरशी मिळे. बराच वेळ डोकं चालवूनही ज्यांना ती दिसली नाही, त्यांना अंधाऱ्या खोलीत, हातात एक वस्तू देऊन, २० मिनिटं डोळे मिटून पडू दिलं. मेंदूतल्या लहरींची नोंद चालूच होती. त्यानंतर पुन्हा तीच कोडी. जे जागेच राहिले त्यांच्यापैकी ३० टक्क्यांना आडवाट सापडली. ज्यांना झोपेची पहिली, अगदी उथळ पायरी किमान १५ सेकंद लाभली, त्यांच्यापैकी ८३ टक्क्यांना! आणि जे त्याहून खोल झोपेत उतरले त्यांच्यापैकी केवळ १४ टक्क्यांना. हे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले.

म्हणजे इथे जास्त झोप लागली तर हाती फारसं काही येत नाही. जेवणानंतरची वामकुक्षी शरीराला विसावा देते, ते तिचं कामच आहे. पण कल्पनेसाठी हवी ती पेंग. मराठीत तिला वेगळा शब्द आहे, याचं या संदर्भात खरंच अप्रूप वाटतं. पेंगताना माणूस पुरता झोपलेला नसतो. बाहेरचे आवाज कानावर येत असतात आणि मनात मात्र एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या गोष्टी शेजारी येऊन बसतात. विचारांवरचा पहारा ढिला पडलेला असतो, तरी जे दिसलं ते लक्षात ठेवण्याइतकी शुद्ध उरलेली असते.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. पॅरिसमधल्या लोकांना उत्तर डोळे उघडल्या उघडल्या सुचलं नाही. पुढची बरीच कोडी सोडवल्यावर ते लख्ख दिसलं. त्याआधी ते त्या आकड्यांशी झगडलेही होते. ज्याने प्रश्न डोक्यात घोळवलेलाच नाही, त्याच्या पेंगेला कामाला लागायला काही सामानच नसतं.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी याच्याही पुढे जाऊन पेंगेला विषयच पुरवला. २०२३ साली त्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. हाताला लावलेल्या उपकरणाला झोपेची चाहूल लागली की एक आवाज सांगे, झाडाचा विचार करा. थोड्या वेळाने तोच आवाज जागं करून स्वप्न विचारून घेई आणि पुन्हा पेंगू देई. ४५ मिनिटं हेच चाले. मग झाडावर गोष्ट लिहायची, झाडाचे नवेनवे उपयोग सुचवायचे. अशी स्वप्नं पडलेल्यांनी यात नुसत्या झोपलेल्यांना आणि जागे राहिलेल्यांनाही मागे टाकलं.

घरी करून बघायला एवढं उपकरण लागत नाही. खुर्ची, स्टीलची ताटली, कुलपाची जड किल्ली आणि हाताशी वही-पेन. वही विसरू नये. पेंगेतलं चित्र किल्लीच्या आवाजाबरोबरच विरायला लागतं.