बेक्रेस्ट

बेक्रेस्ट ही कॅनडातील टोराँटो शहरात वृद्धांची शुश्रूषा व मेंदूच्या आरोग्याविषयी संशोधन करणारी संस्था आहे. ती टोराँटो विद्यापीठाशी संलग्न आहे. रुग्णालय, वृद्धांचे निवासगृह, स्मृतिचिकित्सालय आणि प्रयोगशाळा एकाच आवारात असणे हे तिचे वैशिष्ट्य होय.

इतिहास

इ.स. १९१८ मध्ये ज्यू महिलांच्या एका मंडळाच्या पुढाकाराने सुरू झालेल्या वृद्धाश्रमातून ही संस्था विकसित झाली. येथील रोटमन संशोधन संस्था १९८९ मध्ये स्थापन झाली. घटनास्मृतीची संकल्पना मांडणारे मानसशास्त्रज्ञ एंडेल टुल्विंग यांनी येथे संशोधन केले.

संशोधन

एलन बायलिस्टॉक, फर्गस क्रेक आणि मॉरिस फ्रीडमन यांनी येथील स्मृतिचिकित्सालयातील १८४ स्मृतिभ्रंशग्रस्तांच्या नोंदी अभ्यासून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आयुष्यभर दोन भाषा वापरणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची लक्षणे एकभाषिकांपेक्षा सरासरी ४.१ वर्षे उशिरा दिसली होती. द्विभाषिकांचे औपचारिक शिक्षण तुलनेने कमी असल्याने हा फरक केवळ शिक्षणामुळे पडला असे म्हणता येत नव्हते. हैदराबाद येथील ६४८ रुग्णांच्या २०१३ मधील अभ्यासातही सुमारे साडेचार वर्षांचा फरक आढळला. निरक्षर रुग्णांमध्येही तो दिसून आला.

मर्यादा

द्विभाषिकतेमुळे आजार टळतो, असा या निष्कर्षांचा अर्थ नाही. मेंदूची झीज होत असतानाही तो अधिक काळ काम निभावून नेतो, असे त्यांचे स्पष्टीकरण दिले जाते. निरोगी व्यक्तींचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या काही अभ्यासांत मात्र असा लाभ आढळला नाही. त्यामुळे हा प्रश्न वादाचा राहिला आहे.