किआन्तीचे नाव आणि किआन्तीची द्राक्षे

इटलीतील टस्कनी प्रांतात फ्लॉरेन्स व सिएना या नगरांच्या दरम्यान जो डोंगराळ मुलूख आहे, त्यास किआन्ती म्हणतात. तेथील द्राक्षमद्य, म्हणजेच वाइन, याच नावाने प्रसिद्ध आहे. परक्या मालास हे नाव मिळू नये यास्तव टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने १७१६ साली आज्ञापत्र काढून या मुलखाची हद्द ठरवून दिली.

नावास एवढे महत्त्व का यावे? द्राक्षाची जात, जमीन, उंची व ऊन यांवर फळातील साखर व आम्लता अवलंबून असते. किआन्तीचे मुख्य द्राक्ष सांजोव्हेसे होय. ते उशिरा पिकते. म्हणून उतार कोणत्या दिशेस आहे, यानेही त्याच्या गुणात फरक पडतो. वायव्येकडील पीमाँत प्रांतात नेब्बिओलो या जातीपासून बारोलो हे मद्य होते. त्याची चव अगदी निराळी असते.

१९६३ साली इटलीने कायदा करून 'नियंत्रित मूळस्थान' हा वर्ग निर्माण केला. त्यात प्रदेशाची सीमा, द्राक्षांच्या जाती व दर हेक्टरी उत्पन्नाची मर्यादा ठरलेली असते. त्याहून वरचा 'हमी दिलेले मूळस्थान' हा दर्जा प्रथम १९८० साली देण्यात आला. ज्यांना वर्ग नाही, ती साधी 'जेवणाची मद्ये' ठरत.

परंतु १९६७ च्या नियमांनी किआन्तीत काही पांढरी द्राक्षे मिसळणे सक्तीचे केले. त्यामुळे मद्य फिके पडे व फार काळ टिकत नसे. अंतिनोरी या जुन्या घराण्याने आपल्या तिन्यानेल्लो या मद्यातून १९७५ च्या हंगामापासून पांढरी द्राक्षे पूर्णपणे वगळली. परिणामी ते उत्तम असूनही त्यास किआन्ती हे नाव लावता येईना. ते सर्वांत खालच्या वर्गातच विकावे लागले. तरीही त्यास मोठी किंमत मिळू लागली.

अखेर कायदाच बदलला. १९९२ साली अशा मद्यांसाठी 'विशिष्ट भौगोलिक निर्देश' हा वर्ग निघाला. मूळ मुलखातील मद्य, ज्यास किआन्ती क्लासिको म्हणतात, ते १९९६ पासून केवळ सांजोव्हेसेचे करण्याची मुभा मिळाली. आणि २००६ च्या हंगामापासून तेथे पांढऱ्या द्राक्षांस मनाई झाली. एके काळी जे सक्तीचे होते, तेच निषिद्ध ठरले.

वर्गाचा शिक्का माल कोठला व कोणत्या रीतीने केला हे सांगतो, आणि त्यामुळे शेतकऱ्याच्या नावाचे रक्षण होते. त्याचा गुण मात्र मळ्यातच ठरतो.