जुन्या मोटारीच्या तेलाच्या नळ्या

जुनी मोटार बाळगणे म्हणजे निम्मी हौस आणि निम्मी शोधाशोध. दिवे मिळतात, ब्रेकचे सामान मिळते. घोडे अडते ते एखाद्या क्षुल्लक वाटणाऱ्या रबरी नळीपाशी. आज आपण अशाच एका नळीचा विचार करू. इंजिनचे तेल ऑइल कूलरपर्यंत नेणारी आणि तिथून परत आणणारी ही नळी. दिसायला साधी, पण ती फुटली तर इंजिनचा जीव जातो.

उदाहरणादाखल एमजीबी ही इंग्रजी मोटार घेऊ. इंग्लंडात ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात ती तयार होत असे. तिचे १७९८ सीसीचे इंजिन म्हणजे आपल्या ॲम्बॅसिडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनचे थोरले भावंड. दोन्ही बीएमसीच्या ‘बी’ घराण्यातली. एमजीबीत रेडिएटरच्या पुढे एक छोटा ऑइल कूलर असतो. पंपाने ढकललेले तेल ब्लॉकच्या मागल्या अंगाने बाहेर पडते, एका नळीने कूलरमध्ये जाते, तिथे निवते, दुसऱ्या नळीने फिल्टरकडे येते आणि मग बेअरिंगांना मिळते. बेअरिंगांच्या वाट्याचे तेल या दोन नळ्यांतूनच जाते, हे लक्षात ठेवा. गाडी पळत असताना तेलाचा दाब दर चौरस इंचाला ५० ते ८० पौंड असतो आणि तेल सारे मिळून साडेचार लिटरच्या घरात. नळी फुटली की ते रस्त्यावर सांडायला वेळ लागत नाही. चालवणाऱ्याची नजर दाबाच्या काट्यावर नसेल तर बेअरिंगे खलास. तापलेल्या एक्झॉस्टवर तेल उडाले तर आगीची भीती आणखी वेगळी.

ही नळी तीन थरांची असते. आत तेल सोसणारे रबर, मध्ये सुताची किंवा तारेची जाळी आणि वर ऊन-धूळ सोसणारे आवरण. दाब जाळी पेलते, तेल आतले रबर पेलते. वरचे आवरण तडकले, टोकाशी तेलाची ओल दिसू लागली, नळी कडक झाली किंवा बोटाला मऊ, फुगीर लागली, की तिचे दिवस भरले असे समजावे.

आता कोणी म्हणेल, रेडिएटरची नळी कापून लावली तर? मुळीच लावू नका. पाण्याच्या नळ्या आता बहुधा ईपीडीएम नावाच्या रबराच्या असतात. ते रबर गरम पाणी छान सोसते, पण तेलात फुगते आणि पोचट होते. दुसरा मोह म्हणजे कुठल्या तरी गोदामातून निघालेली, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची ‘कोरी’ अस्सल नळी. रबर पडून राहिले तरी म्हातारे होतेच. पेटी कोरी असली म्हणून नळी तरुण ठरत नाही.

मग करायचे काय? नळी तयार करून घ्यायची. ट्रॅक्टर आणि खोदाईची यंत्रे आता गावोगावी आहेत, आणि त्यांच्या मागोमाग हायड्रॉलिक होज पाइप प्रेस करून देणारी दुकानेही आली आहेत. जुनी नळी फेकू नका. तीच नमुना म्हणून तिथे न्या. मात्र दुकानदाराला चार गोष्टी नीट सांगा.

पहिली, उष्णता. हायड्रॉलिक नळीला आपला दाब म्हणजे काहीच नाही. ती त्याच्या कित्येक पट दाब सोसते. पण साध्या नळीची उष्णतेची मर्यादा बहुधा १०० अंश सेल्सिअस असते आणि इंजिनचे तेल घाटात त्याच्या वर जाऊ शकते. म्हणून इंजिन ऑइलला चालणारी, जास्त तापमानाची नळी मागा आणि नळीवर छापलेले वर्षही पाहा.

दुसरी, आतला व्यास. तो मूळ नळीइतकाच हवा. अरुंद नळीने तेलाची वाट अडते.

तिसरी, आटे. जुन्या इंग्रजी गाड्यांत बीएसपी आटे पुष्कळदा असतात. त्यांचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६० अंशांचा. चुकीची जोडी दोन-तीन फेरे बसते आणि मग आटे खाते. नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे.

चौथी, लांबी आणि वळण. इंजिन रबरी बैठकीवर हलते आणि दाबाखाली नळी किंचित आखडते, तेव्हा थोडी ढील ठेवा. अर्धा इंची तारेच्या जाळीची नळी साधारण १८ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा आवळून वाकवू नये. जागा कमी असेल तर टोकाला एल्बो घ्या आणि दोन एल्बोंमधला कोन जुन्या नळीवरून जुळवून घ्या.

बसवताना कूलरच्या बाजूला दोन पाने वापरा. एकाने कूलरची बोंडी धरायची, दुसऱ्याने नट फिरवायचा. नाहीतर पातळ पत्र्याचा कूलरच पिळून फुटतो. नळीवरची छापील ओळ सरळ राहिली म्हणजे नळीला पीळ पडलेला नाही. पत्र्याला किंवा पंख्याला ती घासत नाही ना, तेही पाहा.

शेवटचे काम घाईत विसरले जाते. नव्या नळ्या रिकाम्या असतात. तेल घातल्यावर कॉइलची तार काढून ठेवा आणि दाबाचा काटा वर येईपर्यंत सेल्फ थांबत थांबत मारा. मगच इंजिन सुरू करा. ते तापल्यावर सगळे सांधे पुसून कोरड्या फडक्याने तपासा, इंजिन बंद करून तेलाची पातळी पुन्हा पाहा आणि पहिल्या पन्नासेक मैलांनंतर हीच तपासणी आणखी एकदा करा. दोन नळ्यांचा खर्च फार नाही. इंजिन उतरवून पुन्हा बांधण्यापुढे तर तो काहीच नाही.