घर सोडताना : एका वाद्यवृंदाचा चित्रित इतिहास

'बँड' हा शब्द आपल्याकडे लष्कराच्या छावण्यांतून आला आणि पुढे लग्नाच्या वरातीत स्थिरावला. कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या गावात तो उच्चारला, की झगझगीत पोशाखातील वादक, त्यांचे पितळी कर्णे आणि नवरदेवाच्या घोड्यापुढे घुमणारा ढोल हेच डोळ्यांपुढे यावयाचे. तेथे सुपारी ठरलेली, गाणी ठरलेली, आणि वरात मांडवाशी पोहोचली की काम संपले. आज ज्या मंडळींविषयी बोलावयाचे आहे त्यांनाही बँड असेच म्हणतात. परंतु त्यांची खरी जात ओळखण्यास वरातीच्या बँडपेक्षा गावच्या भजनी मंडळाचा दृष्टान्त अधिक उपयोगी पडेल. भजनी मंडळात कोणी कोणाचा चाकर नसतो. मृदंगावर बसणारा, वीणा धरणारा आणि टाळकरी ही माणसे वर्षानुवर्षे एकत्र बसतात, एकमेकांच्या श्वासाला सरावतात, आणि त्या सहवासातून मंडळाची अशी एक स्वतःची चाल निर्माण होते. त्यांतील एक माणूस उठून गेला, तर शब्द तेच राहतात, पण चाल तीच राहत नाही.

अशाच एका मंडळीचा इतिहास सांगणारा अनुबोधपट म्हणजे 'लीव्हिंग होम : द लाइफ अँड म्युझिक ऑफ इंडियन ओशन'. दिग्दर्शक जयदीप वर्मा ह्यांनी तो तयार केला आणि एप्रिल २०१० मध्ये तो चित्रपटगृहांतून प्रदर्शित झाला. आपल्या देशात अनुबोधपटाला तिकीट लावून प्रेक्षक बोलावण्याचा प्रघात जवळजवळ नव्हताच. त्यामुळे ही गोष्ट त्या वेळी धाडसाचीच ठरली. पुढे २०१० सालच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कला व संस्कृतिविषयक उत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याचा गौरवही झाला.

चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ह्या संगीताचा प्रकार थोडा समजून घेतला पाहिजे. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत रॉक संगीत रूढ झाले. विजेवर चालणारी गिटार, ड्रमचा ठळक ठेका आणि सोपे ध्रुपद ही त्याची सामग्री. ती गाणी तीन-साडेतीन मिनिटांत आटोपत, आणि ह्याचे एक कारण कलेपेक्षा यंत्राचे होते. तबकडीच्या एका बाजूस तेवढेच मावे. आपल्याकडील जुन्या रसिकांना हे बंधन चांगले ठाऊक आहे. अब्दुल करीमखाँसाहेबांसारख्या गायकांनाही तासभर विस्तारणारा राग तेवढ्याच वेळात कोंबावा लागला होता. १९४८ साली अमेरिकेत दीर्घ वादनाची तबकडी निघाली; तिच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत राहू लागले. ह्या मोकळिकीचा पुरा लाभ इंग्लंडमधील तरुणांनी १९६९ च्या सुमारास घेतला. किंग क्रिमझन, पिंक फ्लॉइड, येस, जेनेसिस ह्या मंडळींनी लांबलचक रचना केल्या, मध्येच लय पालटली, सात किंवा पाच मात्रांचे अवघड हिशेब वापरले आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताची बांधणी रॉकमध्ये आणली. ह्या प्रकाराला 'प्रोग्रेसिव्ह', म्हणजे प्रागतिक रॉक असे नाव पडले. 'इंडियन ओशन'च्या संगीताला कोणी रॉक म्हणतात, कोणी मिश्रसंगीत म्हणतात. परंतु दीर्घ बांधणी, सावकाश चढत जाणारी लय आणि ध्रुपदाच्या सोयीला नकार ही लक्षणे पाहिली, म्हणजे त्याचे प्रागतिक रॉकशी असलेले नाते लपत नाही. आपल्या ख्यालगायकीशी असलेले त्याचे नातेही लपत नाही.

ह्या मंडळीची स्थापना दिल्लीत १९९० साली झाली. गिटारवादक सुस्मित सेन आणि तबला वाजविता वाजविता गाणारे असीम चक्रवर्ती ह्यांची ओळख त्यापूर्वीची, १९८४ सालची. पुढे राहुल राम आले; बास गिटार आणि गायन त्यांच्याकडे. १९९४ मध्ये ड्रमवादक अमित किलाम येऊन मिळाले आणि पुढील पंधरा वर्षे हे चौघे एकत्र राहिले. १९९३ साली पहिला संग्रह निघाला. दुसरा, 'डेझर्ट रेन', ध्वनिमुद्रणगृहात झालाच नाही. १ जानेवारी १९९७ रोजी दिल्लीत सफदर हाश्मी ह्यांच्या स्मरणार्थ झालेल्या खुल्या कार्यक्रमात तो मुद्रित झाला. मग २००० साली 'कंदिसा' आणि २००३ साली 'झीनी' हे संग्रह आले. 'लीव्हिंग होम' हे 'कंदिसा'मधील एका रचनेचे नाव. तेच चित्रपटाने घेतले आहे.

चित्रपटातील पाचवे पात्र एक घर आहे. करोलबागेतील १६/३३०, खजूर रोड हा जुना बंगला म्हणजे ह्या मंडळीची तालमीची जागा. पुढे २०१० मध्ये जो संग्रह निघाला त्याला त्यांनी ह्या पत्त्याचेच नाव दिले आणि त्यातील गीते महिन्याला एक ह्याप्रमाणे रसिकांना विनामूल्य वाटली. ज्याने तालीम कधी पाहिली नाही त्याला हे घराचे माहात्म्य कदाचित अवास्तव वाटेल. परंतु अशा मंडळीत कागदावर लिहिलेली स्वरलिपी नसते आणि हातात छडी घेतलेला संचालकही नसतो. एक जण गिटारवर चार स्वरांची आकृती काढतो, दुसरा तिच्याखाली ठेका शोधतो, तिसरा नकार देतो, आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी रचना उभी राहते. हे सगळे कोठे तरी घडावे लागते, आणि रोज घडावे लागते. चित्रपटाने वादनाची दृश्ये आणि मुलाखती एकमेकींत गुंफून, तसेच चौघांच्या पूर्वायुष्यात शिरून ही घडण प्रेक्षकांपुढे उलगडली आहे.

ह्या पूर्वायुष्यातील एक धागा थेट महाराष्ट्राच्या सीमेवर येतो. राहुल राम ह्यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातील विषद्रव्यांच्या शास्त्रात डॉक्टरेट मिळविली आणि स्वदेशी परतून ते मेधा पाटकर ह्यांच्या नर्मदा बचाव आंदोलनात सामील झाले. सरदार सरोवराच्या पाण्याखाली येणाऱ्या गावांत आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील तेहतीस गावे होती. मणिबेलीचे नाव त्या वेळी वृत्तपत्रांतून सर्वत्र गाजले होते. नर्मदेला रेवा म्हणून आळविणारे त्या खोऱ्यातील लोकगीत राहुल राम ह्यांच्याबरोबर दिल्लीस गेले आणि 'कंदिसा' संग्रहात 'मा रेवा' म्हणून गाइले गेले. पुष्कळ श्रोत्यांनी ते नदीचे सुंदर स्तोत्र म्हणून ऐकले, आणि ते तसे आहेच. परंतु ज्या काठावर ते गाइले जात होते तो काठ बुडण्याच्या वाटेवर होता, हे कळल्यावर तेच गीत निराळे ऐकू येते. केवळ तबकडी ऐकून ही गोष्ट समजत नाही. इतिहास सांगणारा कोणी लागतो.

इतर गीतांचीही हीच कथा. 'कंदिसा' हे शीर्षकगीत केरळातील सीरियन ख्रिस्ती लोकांच्या प्राचीन प्रार्थनेवरून आलेले. तिची भाषा येशू ख्रिस्ताच्या काळच्या अरामी भाषेच्या कुळातील. 'हिल्ले ले' हे गोरख पांडे ह्यांच्या भोजपुरी काव्यावरून आलेले, आणि 'झीनी'च्या मुळाशी कबीर. मुंबईकरांच्या कानी ह्या मंडळीचे नाव विशेष पडले ते १९९३ च्या बॉम्बस्फोटांवरील 'ब्लॅक फ्रायडे' ह्या चित्रपटातील 'बंदे' ह्या गीतामुळे. तो चित्रपट न्यायालयीन मनाईमुळे २००७ पर्यंत अडकून पडला आणि गाणे मात्र त्यापूर्वीच लोकांत पोहोचले. एवढ्या वेगवेगळ्या ठिकाणचे धन एकत्र आणणे अवघड नाही. आजकाल पुष्कळ जण ते करतात. अवघड आहे ते त्याला एक आवाज देणे, आणि तो आवाज ह्या मंडळीला मिळाला तो चौघांच्या दीर्घ सहवासामुळे, हे चित्रपटाचे मुख्य प्रतिपादन आहे.

ह्या आवाजात असीम चक्रवर्ती ह्यांचा वाटा किती होता, हे पडद्यावर पाहिल्याशिवाय कळावयाचे नाही. तबला वाजविणे आणि गाणे ही दोन कामे आपल्या परंपरेत दोन माणसांची. असीम ती एकट्याने, एकाच वेळी करीत. त्यामुळे त्यांच्या गाण्यात शब्द ठेक्यावर येऊन बसत नसे. तो ठेक्यातूनच निघे. चित्रीकरण झाले तेव्हा ते उत्साहाने गात होते, बोलत होते, हसत होते. २५ डिसेंबर २००९ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, आणि अवघ्या तीन-साडेतीन महिन्यांनी चित्रपट लोकांपुढे आला. एका चालत्या मंडळीची हकीकत म्हणून जे जमविले होते, ते अशा रीतीने त्या चौकडीचे स्मारक होऊन बसले. चित्रपटातील एक अक्षरही न बदलता त्याचा अर्थ बदलला.

असाच प्रसंग इंग्लंडातील किंग क्रिमझनच्या वाट्याला आला. त्या मंडळीच्या पन्नाशीनिमित्त टोबी एमिस ह्यांनी केलेला अनुबोधपट २०२२ साली प्रकाशात आला. त्यात बिल रीफ्लिन हे वादक दुर्धर आजार अंगावर घेऊन वाजविताना दिसतात. चित्रपट पूर्ण होण्यापूर्वीच, मार्च २०२० मध्ये ते वारले. परंतु दोन्ही मंडळींत एक भेद आहे. किंग क्रिमझनमध्ये पन्नास वर्षांत कितीतरी वादक आले आणि गेले. आरंभापासून अखेरपर्यंत टिकले ते एकटे रॉबर्ट फ्रिप. तेथे मंडळी म्हणजे एका माणसाची कडक शिस्त. 'इंडियन ओशन'मध्ये असा कोणी अधिपती नव्हता. म्हणून एक जण गेल्यावर 'आता पुढे काय?' हा प्रश्न तेथे अधिक तीव्र झाला.

त्याचे उत्तर चित्रपटात नाही; असणेही शक्य नव्हते. मंडळी थांबली नाही. नवे गायक आणि तबलावादक घेऊन ती उभी राहिली. २०१३ मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडले, आणि ज्यांनी आरंभ केला त्या दोघांपैकी कोणीही उरले नाही. तरी २०१४ साली 'तांदानू' आणि २०२३ साली 'तू है' हे संग्रह निघाले. आता ही तीच मंडळी म्हणावयाची काय? जुने रसिक नाही म्हणतील, नवे हो म्हणतील; दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. चित्रपटाचा उपयोग असा, की हा वाद करताना जुन्या चालीचे प्रमाण समोर ठेवता येते. तो प्रेमाने केलेला आहे, आणि प्रेमाने केलेल्या चरित्राची मर्यादा त्यालाही लागू आहे. जो पुढे निघून गेला त्याच्या मनातील कुरबूर त्यात शोधू गेल्यास ती हाती लागणार नाही.

येथे आपल्या घरची आठवण होते. बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस ह्यांनी १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी काढली. तिच्यात अहमदजान थिरकवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी होती. बालगंधर्वांचा आवाज तबकड्यांनी राखला. बोडसांनी 'माझी भूमिका' आणि टेंब्यांनी 'माझा जीवनविहार' लिहून पुष्कळ काही सांगितले. परंतु थिरकवाँसाहेब आणि बालगंधर्व तालमीत एकमेकांना कसे जोखीत, कोणत्या जागेवर कोण अडत असे आणि कोण वाट मोकळी करून देत असे, हे पाहावयास आज काहीच साधन नाही. त्या काळी साधन नव्हते, म्हणून तो दोष कोणाचाही नव्हे.

आज मात्र ते साधन घरोघर, हातातल्या दूरध्वनीत आहे. आपण त्याने लग्नाची वरात टिपतो आणि कार्यक्रमाच्या अखेरच्या टाळ्या टिपतो. पिशोरच्या किंवा आपल्या स्वतःच्या गावच्या भजनी मंडळातील सत्तरीचा मृदंगवादक मात्र आपल्या टिपणात नसतो. त्याचे नुसते गाणे मुद्रित करून भागावयाचे नाही. त्याला हा ठेका कोणी दिला, पूर्वी त्या जागी कोण बसत असे, चाल केव्हा पालटली आणि कोणाच्या आग्रहाने पालटली, हे त्याला विचारावे. नव्या मुलाला तो शिकवीत असेल तर ती शिकवणीही टिपावी. त्याला मोठा खर्च लागत नाही आणि दिग्दर्शकही लागत नाही. एक संध्याकाळ लागते, आणि ती तो वादक अजून वाजवीत आहे तोवरच काढावी लागते.