पाव मिलिमीटर

तोलायला बसण्याआधी काकाजी पंखा बंद करतात. वर्धा जिल्ह्यातल्या रोहण्याच्या उन्हाळ्यात पंख्याविना तास-दोन तास काढणं सोपं नाही. पण वारा लागला की काट्यावरचा शेवटचा आकडा नाचतो, आणि तो आकडा मिलिग्रॅमचा असतो. काटा आर्वीच्या एका सराफाकडून घेतलेला, जुना. चिमट्याने एक छर्रा उचलायचा, पारड्यात ठेवायचा, आकडा स्थिरावू द्यायचा, मग तो छर्रा त्याच्या वाटीत. तोही ठेवायचा, टाकायचा नाही. शिसं मऊ असतं. वाटीच्या काठावर आपटलं तरी छर्र्याचा घेर दबतो.

या भागात दारूगोळा म्हटलं की पुलगाव. आशियातल्या मोठ्या भांडारांपैकी एक तिथे आहे, आणि ३१ मे २०१६च्या पहाटेची आग इथलं कुणी विसरलेलं नाही. तिथला हिशेब टनांचा. त्याच डेपोत पेट्या मोजण्यात नोकरी घालवलेला माणूस आता अर्ध्या ग्रॅमच्या छर्र्यांतून निवड करतो, एवढं कानावर आलं आणि मी गेले.

काकाजींची ही निवड नातीसाठी आहे. ती अकरावीत शिकते आणि दहा मीटर एअर रायफल खेळते. कापूस साठवायच्या जुन्या कोठीत एका भिंतीला टार्गेट आणि दहा मीटरवर टेबल, एवढीच तिची रेंज. आत शिरताच हलक्या तेलाचा आणि शिशाचा वास येतो, थंड आणि थोडासा गोडसर. घरी आल्यावरही तो माझ्या ओढणीला होता. नेमबाजी झाली की हात साबणाने धुतल्याशिवाय काकाजी पोरीला भाकरीला हात लावू देत नाहीत. शिसं पोटात जाऊ नये, याबद्दल ते फार कडक आहेत.

"पाव मिलिमीटर," ते म्हणाले. "सारं त्याच्यावर हाय जी."

टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. त्याची कड ठिपक्याला शिवली की दहा गुण. पण पात्रता फेरीत आता दशांशही मोजतात, आणि वरचा प्रत्येक दशांश मध्याकडे पाव मिलिमीटर सरकल्यावर मिळतो, थेट १०.९पर्यंत. या पाव मिलिमीटरची किंमत कळायला हांगझोऊ आठवावं. २५ सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, दिव्यांश पन्वर आणि ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर यांनी आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण जिंकलं ते १८९३.७ गुणांच्या विश्वविक्रमासह. आधीचा विक्रम चीनचा होता, १८९३.३. तिघांच्या मिळून १८० गोळ्या आणि फरक चार दशांशांचा. म्हणजे चार वेळा पाव मिलिमीटर. सगळ्या गोळ्यांत मिळून एक मिलिमीटर!

डब्यात पाचशे छर्रे येतात. ते पांढऱ्या कापडावर ओतून भिंगाखाली पाहतात; घेर दबलेला, कड तुटलेली, आत शिशाचा कण चिकटलेला छर्रा बाद. मग काचेची तिरपी पट्टी. छर्र्याचं डोकं लहान आणि मागचा घेर मोठा, त्यामुळे तो काचेवरून सरळ न घरंगळता वळण घेत उतरतो. चांगले छर्रे सगळे सारखंच वळण घेतात. एखादा मध्येच डुचमळतो. तो काकाजी हातात घेऊन बराच वेळ पाहतात, आणि त्याला नेमकं काय झालंय हे कळल्याशिवाय बाजूला ठेवत नाहीत. मला या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच वाटली.

त्यानंतर तोलणं. आणि इथे माझं मन शंका घेतं. हा छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटर वेगाने निघतो. दहा मीटर जाईपर्यंत साधारण १६ मिलिमीटर खाली येतो. ५३० मिलिग्रॅमच्या छर्र्यात तीन मिलिग्रॅम कमी-जास्त झाले, तर त्या उतारात एक दशांश मिलिमीटरचाही फरक पडत नाही. पाव मिलिमीटरच्या निम्माही नाही. हा हिशेब मी त्यांच्या वहीत मांडला. त्यांनी तो नीट पाहिला आणि मान डोलावली. "बरोबर हाय. पण जो लय हलका निघते, त्याच्या आंत पोकळ असते."

मुद्दा वजनाचा नाही, तोलाचा आहे. नळीत असेपर्यंत छर्रा नळीच्या मध्यरेषेवर फिरतो. बाहेर पडताच तो स्वतःच्या भारमध्याभोवती फिरू लागतो. आत पोकळी असेल तर भारमध्य बाजूला सरकलेला असतो, आणि छर्रा सुटताना थोडी आडवी ओढ घेऊन निघतो. हजार यार्डांवर खेळणारे परदेशी नेमबाज काडतुसं स्वतः भरतात आणि सिएरा, बर्गर, लापुआच्या मॅच गोळ्या याच धास्तीने निवडतात. तिथे गोळी सुमारे दीड सेकंद हवेत असते. बुडापासून टोकाचा बाक सुरू होतो तिथपर्यंतची लांबी ते एकेका गोळीची मोजतात, वजनाचे गट पाडतात. त्या अंतरावर लहान फरकाला वाढायला भरपूर वेळ मिळतो. दहा मीटरवर तो मिळत नाही.

शेवटी खरी परीक्षा नळीचीच. रायफल वाइसमध्ये आवळली आणि पोरीने ४.४९ मिलिमीटर डोक्याचे दहा छर्रे एकाच जागी झाडले. भोक बाहेरून मोजलं तर साडेपाच मिलिमीटर. मग त्याच कंपनीचे ४.५०चे दहा. सव्वासात. तोललेल्या आणि न तोललेल्या छर्र्यांत मात्र तिला काही फरक दिसला नाही, आणि तिने तसं आजोबांसमोरच सांगितलं.

मोठे नेमबाज ही परीक्षा कारखान्यातच उरकतात. बर्मिंगहॅमजवळ ईलीच्या कारखान्यात .२२च्या काडतुसांसाठी नेमबाज आपली रायफल घेऊन जातो, एकामागून एक लॉट, म्हणजे एकाच वेळी बनलेला माल, झाडून पाहतो आणि जुळलेला लॉट हजारोंनी विकत घेतो. तिथे लॉट निवडला जातो. रोहण्यात दुकानदाराने पाठवला तो डबा येतो, त्यातून छर्रा निवडावा लागतो. सगळी मेहनत या एका फरकाची आहे. काकाजींचा काटा, भिंग, काच, हे सगळं त्यांना न मिळालेल्या निवडीची भरपाई आहे, आणि ही भरपाई पुरेशी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

भारताच्या नॅशनल रायफल असोसिएशनचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर. त्यांच्या नावाच्या अखिल भारतीय स्पर्धेपर्यंत पोचायचं पोरीच्या मनात आहे. त्याआधी राज्य स्पर्धा, त्यासाठी पुलगावहून रेल्वेने मुंबई. साडेपाच मिलिमीटरचं भोक पाडणाऱ्या ४.४९च्या डब्यातले तीनशे छर्रे काकाजींनी त्यासाठी झाकून ठेवलेत. त्याच लॉटचे आणखी दोन डबे मागवले, तर दुकानदाराकडून उत्तर आलं की तो लॉट संपला. एका जिल्ह्यातल्या पोरांनी मिळून एकच लॉट, एकदाच, आधी झाडून बघून घेतला, तर हा प्रश्न बराच सुटेल. काकाजींनी वर्धा आणि पुलगावच्या ओळखीच्या पालकांना तसं विचारलंय. दोघे हो म्हणालेत.