दाताची कॅप : मायक्रॉनमध्ये मोजलेली दुरुस्ती

मोडलेले हाड सांधते, कापलेली कातडी भरून येते, उपटलेले नखही काही महिन्यांत पुन्हा वाढते. दाताच्या कवचाला मात्र ही सोय नाही. हे कवच म्हणजे एनॅमल, मानवी शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. तो घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत संपून जातात. त्यामुळे सहाव्या-सातव्या वर्षी उगवलेल्या पहिल्या पक्क्या दाढेला जास्तीत जास्त अडीच मिलिमीटर जाडीच्या त्या एकाच थरावर जन्म काढावा लागतो.

तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात आणि ते आम्ल या थरातले खनिज विरघळवते. कीड छोटी असेल तर भरून भागते. पण दाढेचा मोठा भाग गेला, किंवा रूट कॅनाल करताना ती आतून पोखरावी लागली, की उरतात त्या पातळ भिंती. सुपारी किंवा भाकरीचा कडक पापुद्रा चावताना मागच्या दाढांवर कित्येक किलो वजनाचा भार पडतो. दाढेची टोके त्या भाराने बाहेरच्या बाजूला ढकलली जातात आणि एके दिवशी भिंत उभी चिरते. नुसते भरण अशा भिंतींच्या आधाराने राहते. कॅप उलट त्या भिंतींनाच चहूबाजूंनी आवळून धरते.

कॅपला जागा करायची तर आधी दात घासून लहान करावा लागतो. दवाखान्यात ज्या सूं आवाजाने पेशंटच्या पोटात गोळा येतो, तो एअरोटर १९५७ साली अमेरिकेत बाजारात आला. हवेच्या झोताने फिरणारी त्याची चक्की मिनिटाला तीन लाखांच्या आसपास फेरे घेते, म्हणून वर सतत पाण्याचा फवारा लागतो. चावण्याच्या पृष्ठभागावरून दीड ते दोन मिलिमीटर आणि बाजूंनी साधारण एक ते दीड मिलिमीटर दात काढला जातो. भिंती वर किंचित निमुळत्या ठेवतात. उतार जास्त झाला तर कॅप सुटते. भिंती अगदी समांतर राहिल्या तर आतले सिमेंट बाहेर पडायला वाट उरत नाही आणि कॅप पूर्ण खाली बसत नाही. हिरडीच्या वर निदान दोन मिलिमीटर उंचीचा शाबूत दात सभोवार मिळाला, तर कॅपची पकड पक्की होते. म्हणूनच पार हिरडीपर्यंत किडलेल्या दाढेला कॅप बसवायला डेंटिस्ट कां-कूं करतात.

मग माप. हिरडी आणि दात यांच्या फटीत बारीक दोरा सरकवून हिरडी क्षणभर बाजूला करतात, म्हणजे घासलेल्या भागाची कड उघडी पडते. सिलिकॉनच्या लगद्यात त्या कडेचा ठसा उमटतो. हल्ली पुष्कळ ठिकाणी हेच काम तोंडात फिरवायचा छोटा कॅमेरा करतो. समोरच्या दातांचे माप आणि दोन्ही जबडे मिटतात कसे याची नोंदही सोबत घ्यावी लागते. मग पेशंट टेम्पररी कॅप घालून घरी जातो आणि माप लॅबमध्ये.

लॅबमधल्या कारागिरीचा इतिहास मोठा रंजक आहे. दाताच्या मेणाच्या प्रतिकृतीभोवती साचा घडवायचा, मेण जाळून टाकायचे आणि त्या पोकळीत सोने ओतायचे, ही पद्धत विल्यम टॅगर्ट या अमेरिकन दंतवैद्याने १९०७ मध्ये मांडली. मूर्तिकारांना ती हजारो वर्षे ठाऊक होती. मोहेंजोदडोची नर्तिका अशीच ओतलेली आहे, आणि कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मेणाच्या मूर्तीवरून धातूची मूर्ती ओतण्याचे वर्णन आहे. पण मूर्ती केसभर लहान झाली तरी चालते, कॅप नाही. दातांसाठी वापरतात ते सोन्याचे मिश्रधातू गोठताना दीड टक्क्याच्या आसपास आकसतात. त्यावर उपाय म्हणून साच्याची माती अशी निवडतात, की ती घट्ट होताना आणि तापताना नेमकी तेवढीच प्रसरण पावते. एकाची घट दुसऱ्याची वाढ भरून काढते.

सोने टिकाऊ, पण हसताना चमकणारे. डेट्रॉईटच्या चार्ल्स लँड यांनी प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यावर पोर्सेलिन भाजून दाताच्या रंगाची कॅप घडवली. १९२७ मध्ये एकट्याने, वाटेत न थांबता अटलांटिक पार करणारा वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग हा त्यांचाच नातू. पोर्सेलिन दिसायला सुरेख, पण ठिसूळ. १९६२ मध्ये अमेरिकेत धातूवर पोर्सेलिन भाजण्याची भरवशाची रीत पेटंट झाली. तापल्यावर दोन्हींचे प्रसरण जवळजवळ सारखे व्हावे, अशी त्या पोर्सेलिनची घडण होती. फरक वाढला तर थंड होतानाच वरचा थर तडकतो.

आजची चलती झिर्कोनियाची. झिर्कोनियमचे हे ऑक्साइड झिर्कॉन या खनिजापासून मिळते; केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवरच्या वाळूतून ते खनिज वेगळे काढतात. झिर्कोनियाची खरी करामत तडा जाताना दिसते. थोडा इट्रियम ऑक्साइड मिसळला की त्याचे स्फटिक एका दाटीवाटीच्या रचनेत अडकून राहतात. तड्याचे टोक जवळ येताच तिथला ताण त्यांना मोकळे करतो, रचना बदलते आणि ते आकारमानाने सुमारे चार टक्के फुगतात. फुगलेले स्फटिक तड्याला दोन्ही बाजूंनी दाबतात आणि तो जागीच अडतो. हा गुण १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी जगापुढे मांडला. कॅप घडवताना यंत्र हा पदार्थ खडूइतका मऊ असतानाच कोरते, तोही हव्या त्या मापापेक्षा २० ते २५ टक्के मोठा. पुढे सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत तो आकसून बरोबर मापाचा होतो. आकसण्याचे प्रमाण ठोकळ्यागणिक थोडे वेगळे असते, म्हणून ते ठोकळ्यावरच नोंदलेले असते.

एवढे करूनही कॅप आणि दात यांच्या कडेवर फट राहतेच. १२० मायक्रॉनपर्यंतची फट चालवून घेता येते, असे प्रमाण १९७१ पासून रूढ आहे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा आणि जिवाणू एखाद-दुसऱ्या मायक्रॉनचा, म्हणजे ही फट सिमेंटने भरणे भागच.

उंचीचा हिशेब तर याहून कडक. कॅप बसवल्यावर डेंटिस्ट दातांत निळा कागद धरून ‘चावा, आता घासा’ असे सांगतात, उमटलेला ठिपका पाहतात आणि तेवढाच भाग घासतात. कारण भातातला बारीक खडा ओळखणारा आपला दात २० मायक्रॉनचा फरकही टिपतो. रूट कॅनालमध्ये नस काढून टाकलेल्या दाढेलाही हे कळते. ही जाणीव नसेत नसते; मूळ आणि जबड्याचे हाड यांना जोडणाऱ्या तंतूंमध्ये ती असते, आणि ते तंतू शाबूत असतात.

नीट बसवलेल्या कॅपपैकी ९० टक्क्यांहून अधिक पाच वर्षांनंतरही काम देत असतात. ज्या निकामी होतात, त्यांतल्या पुष्कळशा त्याच कडेवर. कॅपला कीड लागत नाही, पण तिच्याखालचा दात अजूनही खराच असतो. धातूची घ्यावी की झिर्कोनियाची, हा प्रश्न दवाखान्यात हमखास विचारला जातो. तो रास्तच आहे. पण कॅपचे आयुष्य ठरते ते हिरडीलगतच्या त्या बारीक रेषेवर. ती रेषा नीट जुळवणे डेंटिस्टचे आणि लॅबचे काम. ब्रश आणि फ्लॉस फिरवून ती रोज स्वच्छ ठेवणे आपले.